सीनियर पोर्ट्रेटसाठी फोटोग्राफर निवडताना

न्यू जर्सीतल्या मैत्रिणीची मुलगी यंदा बारावीला गेली. "सीनियर फोटोंसाठी कुणाला सांगू?" असं मैत्रिणीने विचारलं. मी पोर्ट्रेट फोटोग्राफी करते, म्हणून सगळ्यांसाठीच लिहिते.

📌 आधी शाळेला विचारा. अमेरिकेत अनेक हायस्कूलांचा एका स्टुडिओशी करार असतो आणि इयरबुकमध्ये त्याचाच फोटो छापतात. तसं असेल तर बाहेरचा फोटोग्राफर फक्त घरच्या फोटोंसाठी. इयरबुकची शेवटची तारीखही तेव्हाच विचारून घ्या.

📌 इन्स्टाग्रामवरच्या निवडक फोटोंवर जाऊ नका. एका सेशनची पूर्ण गॅलरी मागा. भर उन्हात डोळ्यांखाली सावल्या पडल्यात का? आपल्यासारखी सावळी त्वचा राखाडी किंवा केशरी तर दिसत नाही ना?

📌 फीमध्ये काय येतं? काही जणांची सेशन फी फक्त वेळेची असते. प्रिंट आणि डिजिटल फाइल्सचे पैसे वेगळे.

📌 अमेरिकी कायद्यानुसार कॉपीराइट सहसा फोटोग्राफरकडेच राहतो. त्यामुळे प्रिंट काढण्याची परवानगी लेखी घ्या. पाऊस आला तर तारीख बदलून मिळेल का, हेही करारात असू द्या.

📌 सर्वांत महत्त्वाचं: ठरवण्याआधी मुलांना फोटोग्राफरशी बोलू द्या. ओळख झाली की चेहऱ्यावरचा ताण जातो. तो कोणत्याही लेन्सने घालवता येत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या तारखा लवकर भरतात, तेव्हा वसंतातच चौकशी सुरू करा.