पानिपतच्या निर्यातदाराची मेलपेटी

पानिपतचे ब्लँकेट आणि गालिचे निर्यात करणारे व्यापारी परदेशी ग्राहकांशी ई-मेलवर व्यवहार करतात. स्पॅम अडवावा, पण अनोळखी ग्राहकाची खरी चौकशी अडकू नये, ही फिल्टरची कसरत. सुरुवातीचे फिल्टर ठरावीक शब्द शोधत. स्पॅमवाल्यांनी स्पेलिंग मोडले. २००२च्या सुमारास शब्दांची संभाव्यता मोजणारे फिल्टर रुळू लागले. मग मजकूर चित्रात दडवला गेला. आता पाठवणाऱ्याची ओळखही तपासतात: फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या ओळख पटवणाऱ्या चाचण्या सक्तीच्या केल्या आहेत. तरीही पुरवठादाराचे खरे मेलखाते बळकावून पाठवलेला मेल या चाचण्यांतून सुटू शकतो. ‘आमचे बँक खाते बदलले’ असा मेल आला, तर पैसे पाठवण्याआधी जुन्या, माहितीच्या नंबरवर फोन करावा.