नाव गावाकडे, माणूस हडपसरला

वाचकहो, तुमच्या घरचे कोणी ना कोणी हडपसरला असेलच. मुलगा मगरपट्ट्यात पहारेकरी असेल, पुतण्या कारखान्यात लागला असेल, लेक लग्न होऊन शेवाळेवाडीला राहायला गेली असेल. नाही तर तुम्ही स्वतःच पहाटे कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन मांजरीच्या उपबाजारात उतरत असाल. म्हणून हे लिहिणे हडपसरचे असले तरी तुमच्याच घरचे समजून वाचा.

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या मतदानाचा दिवस. गाडीतळाजवळ चहाच्या टपरीवर उभा होतो. शेजारी चाळिशीतला एक गडी बशीत चहा ओतून पीत होता. त्याच्या बोटाला शाई नव्हती. सहज विचारले, "काय पाव्हणं, मत दिलं का?"

"आमचं नाव गावाकडं हाय."

"मग गावाला गेला नाहीत?"

"एका मतापायी हजार रुपये आणि दोन दिवसांचा खाडा कोण करतंय?"

हडपसरला येऊन किती वर्षे झाली, तर म्हणाला अकरा. म्हणजे अकरा वर्षांत या गड्याने ना गावाकडे मत दिले, ना इथे. आणि तोच पुढे मोठ्या हौसेने सांगू लागला, "गावात होतो तवा ग्रामपंचायतीला सकाळी सातला पैला नंबर माझा असायचा बघा!"

हा माणूस आळशी नाही, आणि त्याला काही कळत नाही असेही नाही. मग झाले काय? गावात मतदान ही एकट्याची गोष्ट नसते. भावकी असते, यादी घेऊन झाडाखाली बसलेली पोरे असतात, म्हाताऱ्यांना आणायला गाडी जाते. दुपारी बाराला सगळ्या आळीला ठाऊक असते की अमक्याच्या घरची दोन मते राहिलीत. कोणीतरी दारात येऊन म्हणते, "अहो आक्का, चला की." हडपसरच्या दहा बाय दहाच्या खोलीचे दार कोणी वाजवत नाही. मत दिले नाही तर विचारणारेही कोणी नाही. एकदा चुकते, दुसऱ्यांदा चुकते आणि मग ती सवयच होऊन बसते.

अशी सवय किती जणांना लागली आहे ते पाहा. त्या दिवशी हडपसर मतदारसंघात जवळजवळ निम्म्याच मतदारांनी मत दिले. घरी राहिलेले तीन लाखांवर. आणि जिंकणारा व हरणारा यांच्यातले अंतर ७,१२२ मतांचे. त्याआधी २०१९ मध्ये तर ते अंतर २,८२० होते. त्याच २०२४ च्या निवडणुकीत कोल्हापूरकडे करवीर मतदारसंघात शंभरातल्या चौऱ्याऐंशीच्या आसपास लोकांनी मत दिले. तिकडची माणसे काही वेगळ्या मातीची नाहीत.

"माझ्या एका मताने काय होते?" असे म्हणणाऱ्याला मुंबईची गोष्ट सांगावी. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. तुमच्या घरच्या लग्नाच्या एका पंगतीत याहून जास्त माणसे जेवतात. आणि २०१७ च्या मुंबई महापालिकेत एका प्रभागात दोघांना सारखीच मते पडली, तेव्हा चिठ्ठी टाकून नगरसेवक ठरवावा लागला. त्या प्रभागात घरी झोपलेला कोणीही एक जण उठला असता तर चिठ्ठी टाकावी लागली नसती.

आता पाण्याचे बघू, कारण शेतकऱ्याला पाण्याइतके दुसरे काही पटत नाही. खडकवासल्याहून निघालेला नवा मुठा उजवा कालवा हडपसरवरून पुढे दौंड, इंदापूरकडे जातो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांचे पाणी पुणे शहर पिते आणि त्यातलेच शेताला मिळते. आवर्तन कधी सोडायचे, किती दिवस चालवायचे, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. बैठकीला पालकमंत्री असतात, आमदार असतात. तिथे कोण बसणार हे ठरवण्याचा दिवस एकच, मतदानाचा. रात्री दोनची पाळी असली तर तुम्ही बॅटरी घेऊन बांधावर जाता की नाही? न गेलात तर पाणी काही तुमच्यासाठी थांबत नाही, खालच्याचे दार उघडते. इथली पाळी तर पाच वर्षांतून एकदा येते, तीही भर दिवसा.

आपला माणूस निवडलेला नसला म्हणजे काय होते, हे मांजरी बुद्रुक आणि शेवाळेवाडीच्या लोकांना विचारावे. ३० जून २०२१ रोजी ही गावे धरून तेवीस गावे पुणे महापालिकेत घेतली गेली. ग्रामपंचायत गेली, सरपंच गेले. मार्च २०२२ मध्ये महापालिकेचीही मुदत संपली आणि प्रशासक बसले. पुढची निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ ला. गावात गटार तुंबले तर सरपंचाच्या ओट्यावर जाऊन चार शब्द सुनवता येतात. इथे साडेचार वर्षे ज्याच्या ओट्यावर जावे असा स्वतः निवडून दिलेला माणूसच नव्हता. त्या लोकांची पाळी कोणी हिरावून ठेवली होती. आपण मात्र हातात आलेली सोडून देतो!

काही जण रागाने मत देत नाहीत. "सगळे एकाच माळेचे मणी," म्हणतात. रागाला कारणे आहेत, ती मी खोडत नाही. पण घरी बसलेल्याचा राग कोणत्याच कागदावर येत नाही. २०१३ पासून यंत्रावर 'नोटा'चे बटण आहे. एकही उमेदवार पसंत नसला तर ते दाबा. त्याने निकाल फिरत नाही हे खरे, पण तुमची नापसंती मोजली तरी जाते.

पण टपरीवरच्या त्या गड्याची अडचण रागाची नव्हती, कागदाची होती. आणि ती मतदानाच्या दिवशी सुटत नाही, एरवीच्या एखाद्या रिकाम्या दिवशी सुटते. माणूस जिथे कायम राहतो तिथे त्याचे नाव असावे. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला मंजूर नाही. गावचे नाव हडपसरला आणायचे तर नमुना आठ भरायचा, आणि नाव कुठेच नसेल तर नमुना सहा. हे फॉर्म मोबाइलवरूनही भरता येतात, नाही तर त्या भागातल्या बीएलओंकडे द्यावेत. हे बहुधा शाळेतले गुरुजी नाही तर अंगणवाडीच्या ताई असतात. बीएलओ कोण ते १९५० या क्रमांकावर विचारता येते. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या याद्या विधानसभेच्याच यादीवरून होतात, तेव्हा एकदा केलेले काम सगळीकडे चालते. फक्त निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नये. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

सुनांचे विसरू नका. लग्न होऊन चार वर्षे झाली, मूल शाळेत जायला लागले, तरी नाव माहेरच्या यादीत, अशा कितीतरी जणी आहेत. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे अठ्ठावीस लाख बायांची नावे यादीतून गळली, कारण त्यांनी आपले नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते. ही गोष्ट बहुतेक उत्तरेकडची, पण आपल्याकडे सुनेच्या फॉर्मसाठी अजूनही "सवडीनं बघू" म्हणतात ते काय वेगळे आहे?

पहारेकऱ्याची, कारखान्याची नोकरी असेल तर मालकाला सांगा, मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी हा कायद्याने दिलेला हक्क आहे. अत्यावश्यक कामावर असलेल्यांना निदान दोन-तीन तासांची सवलत मिळते. घरी आलेली मतदार चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. मतदार ओळखपत्र, आधार किंवा फोटो असलेले बँकेचे पासबुक बरोबर घ्यावे. वेळ संपताना रांगेत उभे असाल तर चिठ्ठी देऊन तुमचे मत घेतात, कोणी परत पाठवत नाही.

आज रात्री हडपसरला फोन कराल तेव्हा पगार झाला का, जेवलास का, यांच्या जोडीला एवढे विचारा, "नाव कुठल्या यादीत आहे रे तुझं? आणि सूनबाईचं?" पोरगा बहुतेक म्हणेल की घरमालक भाड्याचा करार करून देत नाही. तर त्याला सांगा, करारावाचून अडत नाही. हडपसरचा पत्ता घातलेले आधार, गॅसचे बिल किंवा पोस्टाचे पासबुक, यातले एकही पुरते.