उसन्या अक्षरांचा शिलालेख

चीनमधील शीआन नगरीत शिलालेखांचे एक विख्यात संग्रहालय आहे. त्याच्या चिनी नावाचा अर्थच मुळी ‘शिलावन’ असा होतो. तेथे इ. स. ६७२ मध्ये कोरलेली एक शिला आहे. माथ्यावर सात बुद्धमूर्ती आणि खाली सुमारे १९०० अक्षरे. भारतीय अभ्यासकास तिचे अगत्य वाटावे, कारण ती एका भाषांतरकाराच्या गौरवार्थ आहे. ६४५ मध्ये ह्यूएनत्संग भारतातून ग्रंथसंभार घेऊन स्वदेशी परतला. पुढे ६४८ मध्ये सम्राट थाइ-त्सुंग याने त्याच्या भाषांतरांस प्रस्तावना लिहिली. ती प्रस्तावना, युवराजाचे टिपण, ह्यूएनत्संगाच्या आभारपत्रांस उभयतांनी दिलेली उत्तरे आणि अखेरीस त्यानेच भाषांतरिलेले प्रज्ञापारमिताहृदयसूत्र, असा हा मजकूर आहे.

चिनी रसिक मात्र या शिलेकडे वळतो तो तिच्या अक्षरासाठी. हे अक्षर आहे चौथ्या शतकातील वांग शी-ची याचे, म्हणजे मजकूर जन्मण्यापूर्वी तीन शतके दिवंगत झालेल्या लेखकाचे! थाइ-त्सुंग त्याच्या अक्षराचा निस्सीम भक्त होता व त्याने त्याचे लेख मोठ्या प्रमाणावर जमविले होते. ह्वाइ-रन नावाच्या भिक्षूने वांगच्या उपलब्ध लेखांतून एकेक अक्षर शोधून हा मजकूर जुळविला. या कामी वीसांहून अधिक वर्षे गेली, असे परंपरा सांगते. जे अक्षर सापडले नाही, ते निरनिराळ्या अक्षरांचे अवयव सांधून सिद्ध केले. एकेका अक्षरासाठी हजार सुवर्णमुद्रा देऊ केल्याची आख्यायिकाही आहे. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी.

वांगच्या स्वहस्ताचा एकही कागद आज उरलेला नाही. त्यामुळे त्याच्या ‘चालत्या’ लिपीचा हा सर्वांत विस्तृत साठ्यांपैकी एक ठरतो. (बाळबोधीशेजारी मोडी ठेवून पाहणाऱ्या मराठी वाचकास या लिपीची चाल थोडीफार उमगेल, साम्य मात्र गतीपुरतेच.) दगडावर ओला कागद चिकटवून, त्यावर शाईची पुरचुंडी थोपटून ठसे घेतले जातात. कोरीव भाग पांढरा राहतो, भोवताल काळा होतो. अशा ठशांवरून पिढ्यान्‌पिढ्यांनी अक्षर गिरविले. पुढे शिला भंगली. भंगण्यापूर्वीच्या ठशांस म्हणूनच विशेष मोल आहे.

तथापि एक शंका उरते. चालत्या लिपीत अक्षर एकटे नसते; मागच्या अक्षराचा झोक पुढच्यात उतरतो, कुंचल्यातील शाई ओळीबरोबर आटत जाते. येथे प्रत्येक अक्षर निर्दोष आहे, पण शेजाऱ्याला ते प्रथमच भेटत आहे. राजदरबारचे लेखनिक याच शिलेवरून शिकले आणि त्यांचे वळण ‘दरबारी’ म्हणून हिणविले गेले, त्याचे मूळ मला येथेच दिसते. शब्दकोशातून वेचलेल्या शब्दांनी भाषांतर करणाऱ्यास हा दोष परका वाटणार नाही. हृदयसूत्रात नकारवाचक अक्षर वीसांहून अधिक वेळा येते. वांगने ते सूत्र स्वतः लिहिले असते, तर त्या पुनरुक्तीची लय त्याच्या मनगटात उतरली असती. ह्वाइ-रनला ती बाहेरून रचावी लागली.

तरीही ही शिला केवळ नक्कल आहे, असे मी म्हणणार नाही. अक्षरांचे लहानमोठेपण आणि ओळीचा तोल सांभाळण्यात निवडणाऱ्याची दृष्टी पदोपदी जाणवते. शिवाय आपण पाहतो त्या रेषा कुंचल्याच्या नव्हेत, छिन्नीच्या आहेत. शिलेवर रेखन करणारा चू-क शन-ली आणि ती कोरणारा चू चिंग-त्सांग, या दोघांचीही नावे मजकुराच्या अखेरीस कोरलेली आहेत.