चेकनट आवळताना
तासगावात सप्टेंबर लागला की द्राक्षबागायतदारांच्या आधी ट्रॅक्टर मिस्त्रींची धांदल सुरू होते. फळछाटणी तोंडावर आलेली असते. पुढे पाऊस, दव आणि डाऊनी रोगाच्या मागे फवारणीचा ब्लोअर घेऊन धावायचं, तर ट्रॅक्टर पहिल्या सेल्फला उठायला हवा. ब्लोअर ट्रॅक्टरच्या पीटीओ दांड्यावर चालतो, त्या दांड्याला मिनिटाला ५४० फेरे लागतात. इंजिन दमलं की फवाराही दमतो.

मी बसलो होतो त्या शेडमध्ये मात्र बागेतला छोटा ट्रॅक्टर नव्हता. नांगरटीचा मॅसी १०३५ होता. तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह. तक्रार नेहमीचीच: सकाळी लवकर उठत नाही, ओढ कमी झाली.

"रात्रभर उभाच हाय न्हवं?" मिस्त्रींनी आधी तेवढंच विचारलं. या इंजिनाचा टॅपेट गॅप, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, गार असताना ०.३० मिलिमीटर, गरम असताना ०.२५. नुसतं कोमट इंजिन असेल, तर यातला कुठलाच आकडा धड कामाचा नाही.

टॅपेट कव्हर निघालं. हाताखालच्या पोरानं पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवलं. इनटेकचा रॉकर दबून वर आला, आणखी थोडं फिरवल्यावर पहिल्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर हाताला सैल लागले. म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आलेला. एकाचं झालं की दोन तृतीयांश फेरा फिरवायचा, पुढचा सिलिंडर येतो.

फिलर गेजची पाती रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधे सरकवली. ती ओढताना हाताला लागली पाहिजे, अडकता कामा नये. इथवरचं काम पोरगाही करतो. खरी मेख पुढे आहे. गॅप बसवणाऱ्या स्क्रूची खाच पेचकसानं धरायची आणि रिंग पान्यानं त्याचा चेकनट आवळायचा. धरलेला हात जरा ढिला पडला, तर नटाबरोबर स्क्रूही फिरतो आणि गॅप कमी होतो. हात घट्ट असला तरी नट स्क्रूला वर खेचतो, आट्यांमधला मोकळेपणा निघून जातो आणि गॅप उलट किंचित वाढतो. दोन चुका, दोन दिशांना. म्हणून मिस्त्री नट आवळल्यावर पाती पुन्हा घालून बघतात. दुसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट त्यांनी तिसऱ्यांदा सोडला, तेव्हा मालक चुळबुळू लागले.

"घाई करू नका अण्णा, व्हॉल्व्ह जळला तर हेड काढायला लागंल."

खरंच आहे. गॅप फार कमी असेल, तर तापलेला व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच बाहेर जाते. टेकायलाच मिळालं नाही, की एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आधी जळतो. जास्त गॅपचं निदान कानाला तरी कळतं, टिकटिक येते. कमी गॅप गप्प बसून नुकसान करतो.

हीच कसरत ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्येही आहे. क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये ड्रमभोवती पट्टा असतो, तो आवळला की ड्रम थांबतो. पुढच्या पट्ट्याचा स्क्रू ७२ इंच-पाउंडांपर्यंत आवळायचा, मग मॉडेलप्रमाणे दोन-अडीच फेरे मागे सोडायचा आणि तो तसाच धरून चेकनट बसवायचा. तासगावच्या शेडमध्ये असा गिअरबॉक्स कशाला येईल? पण आला, तर मिस्त्रींना नवं फक्त ते फेरे मोजणं.

भिंतीवर टॉर्क पाना टांगलेला होता. तो हेडच्या नटांसाठी. टॅपेटचे नट मिस्त्री मनगटाच्या अंदाजानं आवळतात. ते मला पुरतं पटत नाही, पण निव्वळ आकड्यावरही भरवसा ठेवून चालत नाही. नटावर लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा त्याच्या बुडाशी घासण्यात जातो, चाळीसेक टक्के आट्यांत. बोल्ट ताणायला उरतो दहावा हिस्सा. आट्यांना तेल लागलं, की तोच आकडा जास्त ताण देतो. गंज असेल तर कमी. पुस्तकात आटे कोरडे की तेलकट हे लिहिलेलं असतं, आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही. पान्याला पाइप जोडून जोर काढणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

हेडचे नट पुन्हा आवळायचे असतील, तर ते टॅपेटच्या आधी. हेड गॅस्केटवर दबतं आणि आधी लावलेला गॅप बदलतो. या ट्रॅक्टरचं हेड उघडलेलं नव्हतं, त्यामुळे ते राहिलं. सहाही नट झाल्यावर इंजिन आणखी दोन फेरे फिरवून मिस्त्रींनी सगळे गॅप पहिल्यापासून तपासले. मग पोराला कव्हरचं गॅस्केट पुसायला लावलं आणि मालकांना क्लच पेडल दाबून दाखवायला सांगितलं. तिथंही प्ले वाढलेलाच होता.