वादळानें आणलेले पाहुणे

श्रावणांत नैर्ऋत्येचा वारा चढला व दर्या खवळला, कीं कोंकणच्या पुळणीवर एखादे दिवशीं कोळ्यांच्याही ओळखीचा नसलेला पक्षी येऊन पडतो. दुर्मिळ पाखरूं आलें, अशी वार्ता गांवभर पसरते.

परंतु दुर्मिळ असतें तें त्याचें किनाऱ्यावरील दर्शन, पक्षी नव्हे. चिमणीहून किंचित मोठा असा विल्सनचा पेट्रेल जगांतील अत्यंत विपुल समुद्रपक्ष्यांपैकीं एक आहे. दक्षिण ध्रुवाभोवतालच्या प्रदेशांत पिलें वाढवून तो विषुववृत्त ओलांडतो, अरबी समुद्रांत येतो आणि जमिनीकडे न फिरकतां तेथेंच चरतो. सुरयांच्या कुळांतील सूटी टर्न लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावर वीण करतो. त्याचें पिलूं एकदां उडालें, कीं कांहीं वर्षें जमिनीला पाय लावीत नाहीं.

मग हे पक्षी किनाऱ्यावर कां येतात? ते येत नाहींत; लोटले जातात. दिवसचे दिवस वाऱ्याशीं झुंजून आणि खवळलेल्या पाण्यांत भक्ष्य न मिळून त्यांचें बळ सरतें. सूटी टर्नचीं पिसें तर पाण्यांत भिजतात. त्यामुळें लाटांवर बसून विसावा घेण्याचीही त्यास सोय नाहीं.

अशा थकलेल्या पक्ष्यास कोणी दयाबुद्धीनें पुन्हां लाटांत सोडतो. ही दया त्याच्या जिवावर बेतते. मास्क्ड बूबी हा पांढरा, बदकाहून मोठा पक्षी. त्याची अणकुचीदार चोच लागूं नये म्हणून ती दोऱ्यानें बांधण्याचा मोह होतो. परंतु उंचावरून पाण्यांत सूर मारणाऱ्या ह्या पक्ष्यास बाहेर उघडणाऱ्या नाकपुड्या नसतात. तो चोचीच्या कडांवाटे श्वास घेतो. चोच घट्ट बांधणें म्हणजे त्याचा श्वास कोंडणें होय.

त्यास भोकें पाडलेल्या खोक्यांत, कोरड्या, अंधाऱ्या व शांत जागीं ठेवावें. चोचींत पाणी ओतूं नये. आणि वनखात्यास त्वरित कळवावें.

पक्षी मेलेला आढळला तरी तारीख, स्थळ व छायाचित्र जपून ठेवावें. १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत अशा नोंदी वेळोवेळीं प्रसिद्ध झाल्या आहेत. एका पुळणीवरील एक नोंद क्षुल्लक भासते. परंतु भर समुद्रांत, जेथें सहसा कोणाची नजर पोहोंचत नाहीं, तेथें कोणते पक्षी वावरतात ह्याचा माग अशाच नोंदींनीं लागतो.