वैशाखातले परडे : मांजर आणि कोंबड्या

वैशाखातल्या एखाद्या दुपारी, बारा-साडेबाराच्या सुमारास, कोल्हापूरकडच्या कोणत्याही खेड्यात शिरून पाहा. कारखान्यांचे गाळप संपलेले असते, उसाच्या गाड्यांची वर्दळ थांबलेली असते आणि रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अंगणातल्या बाजेवर सकाळी घातलेल्या कुरडया वाळत असतात आणि त्यांच्या राखणीला बसवलेले पोर हातात काठी घेऊनच डुलक्या देत असते. अशा वेळी घरातली सर्वांत गार जागा कोणती, हे घरधन्याला विचारण्याची गरज नाही. मांजर कुठे झोपले आहे तेवढे पाहा. कधी ते रांजणाखालच्या ओल्या वाळूला अंग लावून पडलेले असते, कधी न्हाणीच्या दगडावर, तर कधी सोप्यातल्या सारवलेल्या जमिनीवर चारी पाय ताणून. आणि कोंबड्या? त्या परड्यात, मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या केळीच्या आणि अळवाच्या बुडाशी. माती उकरून केलेल्या खळग्यात पोट टेकून, चोच उघडी टाकून, पंख अंगापासून जरा दूर धरून त्या बसलेल्या असतात.

हे चित्र तुमच्या-आमच्या इतके ओळखीचे आहे की त्याकडे आपण नीट पाहतच नाही. पण पाहायला हवे. मांजर आणि कोंबडी एकाच छपराखाली राहतात खरी, पण ऊन सोसण्याची दोघींची रीत अगदी निराळी आहे. ती रीत ठाऊक नसेल तर काय होते, हे आमच्या घरी आम्ही एका दुपारी शिकलो.

आमच्या खुराड्यावर पूर्वी उसाच्या पाल्याचे छप्पर असे. दर साली ते शाकारायचा त्रास नको, म्हणून आम्ही हौसेने पत्रा घातला. पत्रा नवा, चकचकीत. पावसाळ्यात एक थेंब गळला नाही. पण पुढच्याच वैशाखात, घरची सगळी माणसे एका लग्नाला गेलेली असताना, खुराड्यात कोंडलेल्या चार कोंबड्या दुपारच्या दुपारी मरून पडल्या. आम्हांला वाटले, रोग आला. आजीने पत्र्याला हात लावून पाहिला आणि ती म्हणाली, "रोग-बिग काय न्हाई बाबा. पत्र्यानं खाल्ल्या कोंबड्या."

आजीचे म्हणणे शब्दशः खरे होते. ते कसे, हे आता पाहू.

माणसाच्या अंगाची उष्णता सुमारे ३७ अंश सेल्सिअस. मांजराची ३८ ते ३९. कोंबडीची मात्र ४१ ते ४२ अंश, म्हणजे आपल्याला जो कडक ताप वाटेल ती तिची रोजची प्रकृती. माणसाला घाम येतो, तो वाळतो आणि अंग थंड होते. कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नाहीत. वर पिसांची रजई. भोवतालची हवा थंड असेल तोवर तिच्या अंगातली ऊब आपोआप बाहेर जाते. डोक्यावरचा लाल तुरा आणि गळ्याखालची लोळी यांतूनही बरीच जाते. पण हवेची उष्णता तिच्या अंगाच्या उष्णतेजवळ पोचली, की ऊब बाहेर जायची वाट बंद होते. मग एकच उपाय उरतो, तो म्हणजे धापा टाकणे. धापेबरोबर घशातले आणि फुप्फुसातले पाणी वाफ होऊन जाते आणि तेवढी उष्णता घेऊन जाते. एरवी मिनिटाला वीस-तीस श्वास घेणारी कोंबडी अशा वेळी शंभर-दीडशे श्वास घेते.

म्हणूनच नुसत्या उन्हापेक्षा वळवाच्या आधीची उकाड्याची दुपार अधिक वाईट. आभाळ भरून येते, वारा पडतो, हवेत दमटपणा साचतो. अशा हवेत पाणी लवकर वाळत नाही. धापा टाकूनही अंग निवत नाही. त्यात वर तापलेला पत्रा आणि चोहोबाजूंनी बंद खुराडे! कोंबडीने करावे तरी काय?

मांजराचे तसे नाही. त्यालाही अंगभर घाम येत नाही. फक्त पंजांच्या गाद्यांना येतो. पण ते दिवसभर अंग चाटत असते, आणि ती चाटलेली ओल वाळताना अंग गार होते. शिवाय ते भर उन्हात उगाच हिंडत नाही. याचे मूळ त्याच्या कुळात आहे. आपल्या घरातले मांजर हे आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजराचे वंशज. तो मुलूख कोरडा. थोड्या पाण्यात निभावणे आणि दिवस सावलीत झोपून काढणे या सवयी तिथल्या. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले. २००४ साली हा शोध प्रसिद्ध झाला. धान्य साठले, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर, अशी ही जुनी सोयरीक आहे.

कोंबडी मात्र झाडीची लेक. तिचा मुख्य पूर्वज म्हणजे आग्नेय आशियापासून उत्तर भारतापर्यंतच्या जंगलांतला लाल रानकोंबडा. पण तिच्या अंगात आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे बरे का! राधानगरी-दाजीपूरच्या रानात पहाटे जो राखी रानकोंबडा ओरडतो, त्याच्या जातीकडून पाळीव कोंबडीला पिवळ्या कातडीचा गुण मिळाला, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. हे दोन्ही रानकोंबडे झाडोऱ्याच्या सावलीत वावरणारे. तेव्हा आपली कोंबडी दुपारी केळीच्या बुडाशी जाऊन बसते, तेव्हा ती आपले मूळ घरच शोधत असते. तिला तिथून हुसकावून पत्र्याखाली कोंडणे म्हणजे तिचे शहाणपण आपल्या सोयीसाठी मोडणे होय.

मग करायचे काय? फार खर्चाचे काही नाही. पत्रा काढायला नको. त्यावर वीतभर उसाचे पाचट पसरा आणि दोरीने बांधून टाका. पाचट आपल्याकडे शेतात पेटवून दिले जाते. त्यातले दोन भारे घरी आणले तर काय बिघडले? अकराच्या सुमारास त्यावर घागरभर पाणी शिंपडले की पत्रा तापत नाही. मात्र चुलीच्या ठिणग्या तिथवर उडणार नाहीत एवढे बघा, कारण वाळले पाचट घासलेटासारखे पेटते. खुराड्याला दोन बाजूंनी जाळी ठेवा, म्हणजे वारा आरपार जाईल. आतल्या जमिनीवर मात्र पाणी ओतू नका. वारा नसेल तर त्याने दमटपणा वाढतो आणि उलटाच परिणाम होतो.

पाणी मातीच्या परळात ठेवावे, तेही सावलीत. पत्र्याच्या डब्यातले पाणी दुपारी आंघोळीइतके कढत होते आणि कोंबडी त्याला चोच लावत नाही. उन्हाळ्यात तिला एरवीच्या दुप्पट-तिप्पट पाणी लागते. परळ सकाळी आणि दुपारी घासून भरावे. दाणा द्यायचा तो तांबडे फुटताना आणि दिवस कलल्यावर. दाणा पचतानाही अंगात उष्णता तयार होते. म्हणून भर दुपारी मूठभर ज्वारी टाकणे ही माया नव्हे. कोंबडी निपचित पडून माना टाकू लागली, तर तिला सावलीत आणून पायांवर आणि तुऱ्यावर गार पाणी लावा आणि वारा घाला.

आता अंड्यांकडे वळू. उन्हाळ्यात अंडी कमी येतात आणि टरफल पातळ होते, ही तक्रार प्रत्येक घरी असते. "कोंबडीला नजर लागली" असे म्हणून चालायचे नाही. धापा टाकताना रक्तातला कर्बवायू फार बाहेर जातो. टरफल घडते ते चुना आणि याच वायूच्या संयोगातून. एक जिन्नस कमी पडला की टरफल पातळ होणारच. शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून कुटलेले अंड्याचे टरफल दाण्यात मिसळावे. पण खरा उपाय सावली हाच.

दुसरी गोष्ट साठवणीची. कोंबडा फिरत असलेल्या परड्यातली अंडी बहुधा फळलेली असतात. पंचवीस-सत्तावीस अंशांच्या वर हवा गेली की अशा अंड्यात जीव हळूहळू धरू लागतो; पण पुरती ऊब मिळत नाही, म्हणून तो मरतो आणि अंडे नासते. आमची आजी अंड्यांची दुरडी रांजणाशेजारी ओल्या वाळूवर ठेवी, जिथे मांजर झोपे तिथेच. यातले शास्त्र तिला कोणी सांगितले नव्हते. अंडे जुने की ताजे हे पाहायचे, तर पाण्यात सोडा. ताजे तळाशी आडवे पडते. जुने उभे राहते. फार जुने तरंगते, कारण आतली हवेची पोकळी वाढलेली असते.

कोंबडी खुडूक झाली म्हणजे तिला बसवायची घाई होते. उबवणीला २१ दिवस लागतात. होळी-पाडव्याच्या सुमारास बसवली तर मृगाच्या पावसाआधी पिलांना बऱ्यापैकी पिसे फुटतात. ऐन वैशाखात बसवली तर कोंबडीचेही हाल आणि पिलांचेही. गावरान कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत, आणि तीही आठवड्याच्या आतली. सातव्या रात्री अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरा. लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव आहे; स्वच्छ दिसले तर ते अंडे फळलेले नाही.

उन्हाळ्याचा मोठा वैरी मानमोडी. कोंबडी सुस्त होते, हिरवट हगते, मान पिळते आणि दोन-चार दिवसांत परडे मोकळे होते. १९२७ साली कुमाऊंमधल्या राणीखेत गावी हा रोग आपल्या देशात ओळखला गेला, म्हणून पुस्तकात त्याला राणीखेत म्हणतात. त्यावर औषध नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी पिलाच्या डोळ्यात वा नाकात थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांनी टोचणी, ही साधारण रीत. पण लस जिवंत असते आणि उन्हात मरते. आमच्या गावात एकाने लसीची कुपी सदऱ्याच्या खिशात घालून भर दुपारी सायकलवरून आणली. कोंबड्या टोचल्या आणि पंधरवड्यात मेल्याही. "लशीत काय दम न्हाई," असे तो सांगत फिरला. दम होता, तो वाटेत उन्हाने गेला होता. लस बर्फात ठेवून आणावी, कालवल्यावर दोन तासांत संपवावी, आणि सकाळच्या गारव्यात सगळ्या गल्लीने एकाच दिवशी टोचून घ्यावी. जत्रा-पाहुण्यांच्या दिवसांत बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी बांधावी. आणि एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तर त्या ओढ्यात टाकू नका, मांजरालाही खाऊ देऊ नका. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आपल्या देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. तो रोग मांजरांनाही होतो. आधी जनावरांच्या दवाखान्यात कळवा आणि मेलेली कोंबडी ते सांगतील तशी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

राहता राहिला मांजर आणि पिलांचा प्रश्न. मांजर पिलू उचलते, यात खोटे काही नाही. ती त्याची जात आहे. पण पुरती वाढलेली कोंबडी त्याला भीत नाही. पिलांची आई तर पिसे फुलवून असे काही अंगावर येते की बोकाही कौलावर चढतो. धोका आहे तो पहिले सहा आठवडे. तेवढे दिवस आईसकट पिले डालग्याखाली झाका आणि डालग्यावर दगड ठेवा. मांजराला दोन वेळ ठरल्या जागी भाकरी आणि पाणी द्या. कोंबड्यांतच लहानाचे मोठे झालेले पिल्लू बहुधा त्यांच्या वाटेला जात नाही. मांजर काढून टाकण्याच्या भरीस पडू नका. मांजर गेले की उंदीर-घुशी येतात. त्या अंडी नेतात, दाणा नेतात, पिलेही नेतात. आणि उंदरांमागून शेणींच्या हुडव्यात साप येऊन बसतो.

उंदरांसाठी विषाच्या गोळ्या टाकणे हा तर सर्वांत वाईट सौदा. कोंबडी ते विषारी दाणे टिपते, विष खाल्लेला उंदीर मांजर खाते, आणि शेवटी राहतात ते उंदीरच. दाण्याची कणगी दगडांवर उंच ठेवा, रात्री परड्यात उष्टे-खरकटे राहू देऊ नका आणि बाकीचे काम मांजरावर सोपवा.

ही एवढी उठाठेव आठ-दहा कोंबड्यांसाठी कशाला, असे कोणी म्हणेल. पण अंड्यांचे पैसे घरात कोणाच्या हाती पडतात हे ज्याने पाहिले आहे, तो असे म्हणणार नाही. उसाचे बिल बँकेत जाते आणि धन्याच्या नावावर जमा होते. बाजारच्या दिवशी अंडी विकून पदराच्या गाठीत येतात ते पैसे मात्र घरधनिणीचे. पोरीची वही, स्वतःच्या बांगड्या, माहेरच्या गाडीचे भाडे हे सारे त्यातून निघते आणि त्याचा हिशेब तिला कोणाला द्यावा लागत नाही. त्या दुपारी आमच्या चार कोंबड्या गेल्या, तेव्हा आईने त्या साली श्रावणात माहेरी जाणे रहित केले. कारण कोणाला सांगितले नाही. आम्हांला ते फार उशिरा कळले.

तेव्हा आज दुपारी जेवून लवंडण्याआधी एकदा परड्यात जा. खुराड्याच्या पत्र्याला हात लावून पाहा. हात पोळला, तर संध्याकाळची वाट पाहू नका. पाचटाचे भारे आत्ताच आणा. एवढे काम करून या आणि मग मांजर जिथे झोपले आहे, त्याच्या शेजारी खुशाल अंग टाका.