तारपा नीट रेकॉर्ड करायचाय? दोन ट्रान्झिस्टरचा स्टिरिओ प्रीॲम्प समजून घेऊ

(ऐकताना आकडे सुटतात, म्हणून या भागाचा मजकूर इथे देतोय. बोललो तसाच ठेवलाय.)

जव्हार-मोखाड्याकडे तारपा फोनवर रेकॉर्ड केलाय कधी? समोर दणदणीत वाजणारा आवाज रेकॉर्डिंगमध्ये दबतो, मध्येच वर-खाली होतो. कारण फोनचं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा बोलण्यासाठी जुळवलेलं असतं. आवाज वाढला की ते आपोआप लेव्हल खाली ओढतं. सलग सूर तर त्याला पंख्याची घरघर वाटू शकते! आणि तारपा वाजतो तोच मुळी श्वास न तोडता.

वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांसारख्या वादकांनी आयुष्यभर जपलेलं हे वाद्य. एकदा दबून रेकॉर्ड झालेला सूर नंतर कुठल्याच ॲपने पूर्ण परत येत नाही. म्हणून माइक वेगळे आणि मध्ये प्रीॲम्प.

प्रीॲम्प कशाला?
छोट्या इलेक्ट्रेट माइकमधून जवळच्या आवाजाला जेमतेम काही मिलिव्होल्ट मिळतात. रेकॉर्डरच्या लाइन-इनला हवे असतात साधारण ३०० मिलिव्होल्ट. ही दरी प्रीॲम्प भरतो.

ट्रान्झिस्टर काय करतो?
पाटाच्या पाण्याची फळी आठवा. हाताने जराशी उचलली की पाणी धो-धो येतं. जोर हाताचा नसतो, पाटाचा असतो. इथे हात म्हणजे माइकचा सिग्नल, तो बेसवर येतो. पाट म्हणजे ९ व्होल्टची बॅटरी.

पण फळी पूर्ण बंद असेल तर आवाजाची खालची लाट दिसणारच नाही. म्हणून ती आधीच अर्धी उघडी ठेवायची. यालाच बायसिंग म्हणतात. बीसी५४७ घ्या. बॅटरीच्या प्लसपासून बेसला १०० किलोओहम, बेसपासून ग्राउंडला २२ किलोओहम. बेसवर साधारण १.६ व्होल्ट येतात. त्यातून ०.६५ वजा केले की एमिटरवर ०.९ च्या आसपास. एमिटरला १ किलोओहम, म्हणजे करंट ०.९ मिलिअँपिअर. कलेक्टरच्या ४.७ किलोओहमवर साधारण ४.३ व्होल्ट पडतात आणि कलेक्टर ४.७ व्होल्टवर बसतो. जवळजवळ मध्यावर! वर-खाली दोन्हीकडे जागा.

आता गेन. एमिटरच्या १ किलोओहमला समांतर, १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकामागोमाग जोडा. डीसीला ही वाट बंद, आवाजाला उघडी. गेन साधारण ३५ ते ४० पट मिळतो. १० मिलिव्होल्ट आत, साडेतीनशेच्या वर बाहेर. १०० ओहम काढून कपॅसिटर थेट लावला तर गेन बराच वाढतो, पण आवाज फाटायलाही लागतो.

इनपुट-आउटपुटला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. तो आवाज जाऊ देतो, डीसी अडवतो. नाहीतर माइक जोडताच बायसिंग बिघडेल. माइकलाही बॅटरीवरून १० किलोओहममधून पुरवठा द्यायचा.

स्टिरिओ म्हणजे?
हेच सर्किट दोनदा: डावं आणि उजवं. बॅटरी आणि ग्राउंड सामाईक, रेझिस्टर सारख्याच किमतीचे. आउटपुटला ४७ किलोओहमचा जोड-पॉट, म्हणजे एका नॉबवर दोन्ही बाजू. तारपा नाचात वादक मध्ये आणि नाचणारे त्याच्याभोवती फिरतात. दोन माइक असले की हे फिरणं हेडफोनमध्ये ऐकू येतं. एका माइकवर सगळं एकाच जागी गोळा होतं.

एक लक्षात ठेवा: फोनच्या हेडसेट जॅकचा माइक इनपुट मोनो असतो आणि लाइन लेव्हल त्याला झेपत नाही. स्टिरिओ लाइन-इन असलेला रेकॉर्डर किंवा यूएसबी साउंड कार्ड घ्या.

माइकसकट सगळं मिळून करंट जेमतेम ३ मिलिअँपिअर. पाड्यावर रात्रभर लाइट गेली तरी रेकॉर्डिंग थांबणार नाही.

आधी ब्रेडबोर्डवर जोडा आणि कलेक्टरचा व्होल्टेज मीटरने मोजा. ४ ते ५ च्या मध्ये आला की माइक लावा. आणि रेकॉर्ड करण्याआधी वादकाला विचारा, झाल्यावर त्यांनाच पहिल्यांदा ऐकवा.

भेटू पुढच्या भागात!